रंगाचं बटण

आमच्या भांडुपच्या खोलीतल्या टीव्हीचं रंगाचं बटण मी खोटं केलं. ते आपोआप बिघडलं नव्हतं. ते फिरायचं, फिरताना पूर्वीसारखं किंचित करकरायचं, पण त्यानं रंग वाढत नव्हता की कमी होत नव्हता. हे मी वडिलांना न सांगता केलं, आणि त्या रात्री मला अगदी शांत झोप लागली. ही झोपेची गोष्ट कबूल करायला मला जास्त जड जातं.

तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बहीण लग्न होऊन सावंतवाडीकडे गेलेली. माझं लग्न राहून गेलं होतं, आणि चाळिशी उलटली तसं लोकांनी विचारायचंही सोडलं. वडील गिरणीत रंगखात्यात होते. कापड रंगवायच्या हौदांपाशी त्यांचं सगळं आयुष्य गेलं. गिरणी बंद पडली तेव्हा निवृत्ती जवळच आली होती, म्हणून त्यांनी फारशी आदळआपट केली नाही. नखांच्या कडेला मात्र निळसर छटा कायम राहिली. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर होतो. सकाळी निघायचं, अंधार पडल्यावर यायचं. आमचं बोलणं म्हणजे भात लावलाय, पाणी भरलंय, रॉकेल संपलंय. ते मालवणीत बोलायचे, मी मुंबईच्या मराठीत उत्तर द्यायचो. घरातली भाषा मला पूर्ण कळायची, पण आई गेल्यापासून ती माझ्या तोंडून येईनाशी झाली होती. आई असताना आमच्यात भांडण झालं की ती दोघांनाही एकच वाक्य सुनवायची, "चुकलां म्हणान सांगल्यान तोंड झिजणां नाय." ती गेल्यावर हे सांगणारं कोणी उरलं नाही, आणि आम्ही दोघांनी आपापली तोंडं जपून ठेवली.

टीव्ही दुरुस्तीचं काम मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकलो होतो. धंदा म्हणून कधी केलं नाही. मला ओढ होती ती जुन्या रंगीत संचांची. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण येऊन तीन-चार वर्षं झाली असतील. लोक दुकानातून नवेकोरे संच आणत होते आणि मी जुने शोधत हिंडत होतो.

माहुलला एका भंगारवाल्याकडे मला तो मिळाला. तेलकंपनीच्या बंगल्यात कधीकाळी राहून गेलेल्या कुणा परदेशी इंजिनिअरचा तो संच होता. रंगीत टीव्हीच्या पहिल्या पिढीतला. कपाटासारखं लाकडी खोकं, पुढे सरकत्या झडपा, आत काचेचे व्हॉल्व्ह आणि गोलसर कोपऱ्यांची जाडजूड पिक्चर ट्यूब. भंगारवाला म्हणाला, "ले जा यार, लाकूड झकास आहे. मशीन फेकून दे, कपाट बनव."

मला वाईट वाटलं ते एका वेगळ्याच गोष्टीचं. हा संच इथं आला तेव्हा आपल्याकडे रंगच नव्हते. म्हणजे हा कितीतरी वर्षं रंग दाखवायच्या सगळ्या तयारीनिशी बसून होता आणि कुणी त्याला रंग पाठवलेच नाहीत. पुढे रंग आले तेव्हा तो गोदामात पडलेला. त्या वेळी मला वाटलं, ह्याचं दुःख मला कळतं. एखाद्या वस्तूचं दुःख कळतं असं वाटणाऱ्या माणसानं घरातल्या माणसाकडे जरा जास्त बघायला हवं, हे मला पुढे कळलं.

खाडीच्या खाऱ्या हवेनं त्याच्या आतल्या तांब्यावर हिरवा गंज चढला होता. भंगारवाल्याच्या शेजारी कोळणी बोंबील वाळत घालायच्या, तो वास लाकडात पार मुरला होता. मी खोकं सोललं, घासलं, पॉलिश केलं, तरी व्हॉल्व्ह तापले की संचातून सुक्या बोंबलाचा वास यायचा. मला लाज वाटायची. वडील मात्र खूश व्हायचे. "घराकडचो वास येता रे," म्हणायचे आणि खुर्ची पुढे ओढायचे.

तो संच उभा करायला माझा पावसाळा आणि हिवाळा गेला. जळालेला ट्रान्सफॉर्मर मी कारखान्यात सुट्टीनंतर थांबून स्वतः गुंडाळला. व्हॉल्व्ह एकेक करून जमवले. शेवटी पडद्यावर चित्र आलं, पण ते एक नव्हतं, तीन होती. त्या काळच्या संचांचं असंच असतं. तांबडं, हिरवं आणि निळं अशी तीन वेगळी चित्रं असतात आणि ती एकमेकांवर नेमकी बसवावी लागतात. बसली नाहीत तर माणसाच्या नाकाशेजारी त्याचं तांबडं नाक वेगळं दिसतं. ती जुळवायचे स्क्रू संचाच्या मागे, आणि चित्र पुढे. म्हणून समोर कुणीतरी आरसा धरून बसावं लागतं.

आमच्या घरी आरसा वडील धरायचे. दाढीचा आरसा होता, कडेला पारा उडालेला. मी मागून त्यात बघून स्क्रू फिरवायचो. आरशात मला पडद्याचा मधला भाग नीट दिसे. कडा दिसत नसत, त्या मी त्यांना विचारायचो.

"बाबा, डाव्या बाजूला तांबडी रेघ हिरवीवर आली का?"

"इली. बसली बरोबर."

मी उठून पुढे आलो. रेघा एकमेकींपासून बोटभर लांब होत्या. पुन्हा मागे गेलो, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. असं चार-पाचदा झालं. अख्खा रविवार गेला होता, माझी पाठ भरून आली होती. मी म्हणालो, "बाबा, एवढा फरक दिसत नाही तुम्हाला? जन्मभर रंगखात्यात काय केलंत मग?"

ते लेंग्याच्या टोकानं आरसा पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "आरसो मळलो हा."

आरसा मळला नव्हता. मला ते तेव्हाही दिसलं होतं. पण मी पुन्हा मागे जाऊन बसलो.

शेवटी कडा मी एकट्यानंच जुळवल्या. पुढे यायचं, बघायचं, मागे जायचं, असं करत. चित्र मात्र असं आलं की मी नुसता बसून राहिलो. कसल्यातरी फुलांच्या प्रदर्शनाची बातमी होती. झेंडूचा पिवळा आणि शेवंतीचा पिवळा वेगळा दिसत होता. बातम्या वाचणाऱ्या बाईंच्या गालांचा रंग खऱ्या माणसाच्या गालांसारखा होता. नव्या संचांत मला ते कधी दिसलं नव्हतं.

शेजारची माणसं बघायला आली. पहिल्याच दिवशी पलीकडच्या खोलीतल्या काकी म्हणाल्या, "काय रे, ह्या बाईला काय ताप येऊन गेला का? रंग वाढव ना जरा!"

"काकी, माणसाचा रंग असाच असतो."

"असला म्हणून काय झालं? आमच्याकडे बघ ये. टोमॅटो दिसतात सगळे, टोमॅटो! रंगीत घेतलाय तर रंग दिसायला नको?"

सगळे हसले. खरंच, त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या घरी रंगाचं बटण टोकाला नेलेलं असे. माणसं उकडलेल्या कोळंबीसारखी दिसत आणि झाडं विषारी हिरवी. मी काकींना आणि बाकीच्यांना रंगाचा तोल, कातडीचा रंग वगैरे समजावून सांगायला लागलो. ऐकता ऐकता माणसं घरी गेली. पुढच्या आठवड्यात कमी आली. मग यायची बंद झाली. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, आता कुणी बटणाला हात लावणार नाही.

पण वडील लावायचे.

मी कामावर गेलो की ते बटण टोकाला न्यायचे. मी आलो की ते पुन्हा माझ्या खुणेवर आणायचो. ती खूण मी नखानं लाकडावर ओढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोकाला. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ह्या माणसांच्या अंगात रगात नाय. मेल्यासारखी दिसतत."

"बाबा, हेच खरं आहे. तुम्ही करता ते खोटं."

"असात," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बटण टोकालाच होतं.

आज वाटतं, आमच्यात त्या काळात खरं बोलणं जे काही होतं ते त्या बटणातूनच होतं. सकाळी ते काहीतरी म्हणायचे, संध्याकाळी मी उत्तर द्यायचो. रोज न चुकता. पण मला ते बोलणं वाटत नव्हतं, मला तो माझ्या कामाचा अपमान वाटत होता. एका संध्याकाळी आलो तर पडद्यावर एक लहान मूल रडत होतं आणि त्याचा चेहरा भाजल्यासारखा लाल होता. मी झडपा लावल्या. रविवारी वडील बाजारात गेल्यावर मागचं झाकण काढलं. बटणाची दांडी ज्या कंट्रोलला जाते त्याच्या तारा सोडवल्या आणि त्यांच्या जागी एक ठरावीक रेझिस्टन्स सोल्डर करून बसवला. रंग माझ्या खुणेवर कायमचा थांबला. बटण मी मुद्दाम जागेवर ठेवलं. काढून टाकलं असतं तर त्यांनी विचारलं असतं आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

आठवडाभर बटण रोज टोकाला सापडे. मी मनात हसायचो. मग ते जागचं हलेनासं झालं. वडील टीव्हीसमोर बसायचे, पण खुर्ची मागे भिंतीला टेकवून. मी जेवताना चित्राकडे बघायचो आणि ते ताटाकडे. मी म्हटलं, हरले एकदाचे.

घर फार शांत झालं. रंग बरोबर होते, चित्र जुळलेलं होतं, आणि ते बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. कधीकधी मी झेंडूसारखं काही पडद्यावर आलं की "बाबा, हा पिवळा बघा" असं म्हणायचो. ते "हा, बरो आसा" म्हणायचे. बघायचे नाहीत.

मग एकदा मरोळला दुपारीच वीज गेली, आणि ती संध्याकाळपर्यंत येत नाही असं कळल्यावर मालकानं आम्हाला घरी सोडलं. आमच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं आणि उंबऱ्यातच थांबलो. वडील खाटेजवळ भिंतीला लागून उभे होते, डोळे घट्ट मिटून. एक हात पुढे, एक हात भिंतीला. ते खाटेपासून निघाले, हात चाचपत माठापाशी गेले, भांडं शोधलं, पाणी घेतलं, प्यायले आणि भांडं पालथं घातलं. मग वळून दाराकडे यायला लागले. मधे खुर्चीवर गुडघा आपटला. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले, खुर्ची चाचपली, तिला वळसा घालून पुढे आले. त्यांचा पुढे केलेला हात माझ्या सदऱ्याला लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"काय करताय बाबा?"

"सवय करतंय."

"कसली सवय?"

ते खाटेवर जाऊन बसले. गुडघा चोळत होते. "डोळे गेल्यावरची. आता जास्त दिवस रवले नाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगूक कित्याक होया? बटण फिरवतंय, फिरवतंय, रंग वाढणां नाय. पयलो वाढायचो. टोकाक नेलंय की जरा माणसां दिसायची. आता टोकाक नेलंय तरी सगळां धुरकट. म्हणजे डोळे गेलेच मा?"

मी हातातला डबा खाली ठेवला.

"मला बोलला का नाहीत?"

"तुका कारखान्याक जावचां असता. आणि रंगखात्यातलो माणूस मी. रंग दिसणां नाय म्हणान सांगू कोणाक?"

मला तेव्हाच सगळं कळलं. आरसा धरला होता तेव्हाही त्यांना रेघा दिसत नव्हत्या. बटण टोकाला न्यायचे ते हट्टानं नाही, तेवढंच त्यांना दिसत होतं म्हणून. आणि मी तेही बंद करून त्यांना आंधळं ठरवलं होतं. बोलायची वेळ तीच होती. "बाबा, बटण मी तोडलंय" एवढे चार शब्द. मी म्हणालो, "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

घाटकोपरच्या डॉक्टरांनी दिवा लावून डोळे बघितले. दोन्हीकडे मोतीबिंदू होता, उजवा चांगलाच पिकलेला. म्हणाले, "आजोबा, तुम्ही सगळं जग चहातून बघताय. रंग आधी विटतात ह्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात राहता ना तुम्ही यांच्याबरोबर?" मी हो म्हणालो.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वडील रुग्णालयात असताना मी संध्याकाळी घरी आलो, टीव्हीचं झाकण काढलं, रेझिस्टन्स काढला आणि जुन्या तारा जोडून टाकल्या. काम फारच लहान होतं. पुरावा नाहीसा झाला म्हणून मला हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकेपणाची किळस आली. रिकाम्या खोलीत मी बटण मागेपुढे फिरवत बसलो. रंग वाढत होता, ओसरत होता. भिंतीवर वडिलांच्या हाताच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता, खाटेपासून दारापर्यंत. मी कामावर असताना ते रोज तसे चालत होते.

पुढे जाड भिंगाचा चष्मा लागला. पहिल्या दिवशी त्यांनी तो घालून आधी स्वतःची नखं बघितली. "अजून निळी आसत," म्हणाले. मग टीव्ही लावायला सांगितला. खुर्ची पुढे ओढली. हात बटणाकडे गेला तसा मी उठून माठापाशी गेलो.

"वाढता!" ते ओरडले. "रे, वाढता! बघ, कमी होता, वाढता!" त्यांनी काकींना हाक मारली. त्या आल्या. वडिलांनी त्यांना बटण फिरवून दाखवलं. "डॉक्टरान डोळे दिले माका. आधी कितीव फिरवलंय तरी वाढणां नव्हतो."

"आजोबा, आता ठेवा टोमॅटो!" काकी म्हणाल्या.

वडिलांनी बटण टोकाला नेलं, तोंड वाकडं केलं, आणि हळूहळू मागे आणत एका जागी थांबवलं. "ह्यां बरां आसा," म्हणाले. ते माझ्याच नखाच्या खुणेवर थांबले होते. बरोबर ठरण्याची मला कधी एवढी लाज वाटली नव्हती.

त्यानंतर येईल त्याला ते ती गोष्ट सांगायचे. बटण फिरवून दाखवायचे. प्रत्येक वेळी मी खोलीत असलो तर काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचो, नळावर, नाहीतर नुसता उतारावरून रस्त्यापर्यंत आणि परत. सांगितलं काय आणि नाही सांगितलं काय, डोळे तर आलेत, असं स्वतःला समजावायचो. पण त्यांच्या आणि माझ्यामध्ये ती गोष्ट बसलेली असायची. त्यांना ती दिसत नव्हती, म्हणून माझ्या एकट्याच्याच वाट्याला ती आली होती.

त्या संचाची तिन्ही चित्रं काही महिन्यांनी सुटायला लागतात. हवा दमट असली की लवकर. एका रविवारी दुपारी वडील स्वतःच म्हणाले, "तांबडो सुटलो हा. काढ झाकण." आणि आरसा घेऊन बसले.

मी मागे गेलो. व्हॉल्व्ह तापले होते, बोंबलाचा वास सुटला होता.

"डाव्या कडेला?"

"तांबडो सूतभर डावीक. अजून. हां, रव. आता निळो वर घे. जास्त झालो, खाली." एकही चूक नाही. आरशातल्या चित्रावर रेघा एकेक करून मिटत गेल्या. शेवटची मिटली तसा मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तो त्यांना दिसत नव्हता. मीही त्यांना दिसत नव्हतो. समोर जाऊन मला हे कधीच जमलं नसतं.

"बाबा, ते बटण डोळ्यांमुळं नव्हतं."

"खयचां बटण?"

"रंगाचं. तुम्ही फिरवायचा आणि रंग वाढत नव्हता, तेव्हा. त्याच्या तारा मी सोडवल्या होत्या. तुम्ही सारखं टोकाला नेता म्हणून. ते नुसतंच फिरत होतं."

आरसा हलला नाही. त्यात चित्र अगदी जुळलेलं दिसत होतं. मग तो सावकाश कलला. चित्र निसटलं, छप्पर आलं, भिंतीवरचा तो पट्टा आला, आणि मग जाड भिंग आणि त्यामागचा मोठा दिसणारा डोळा.

"मी भिंत धरून चलत होतंय, तेव्हा तुका ठावक होतां?"

"त्या दुपारपासून."

"आणि तू बोलाक नाय."

"नाही."

तो डोळा माझ्याकडे बघत राहिला. मी तोंड उघडलं आणि बाहेर आली ती मुंबईची भाषा नव्हती.

"रंगखात्याचां बोललंय ता पण चुकलां. बटणाचां पण. माझां चुकलां, बाबानू."